अप्पांना काय सांगायचे

प्रिय वसंत,
स. न. वि. वि.

दिवाळीतल्या तुझ्या पत्राचे उत्तर राहून गेले. माझी प्रकृती बरी आहे. अप्पांचा रिपोर्ट तुला कळलाच असेल. काल रात्री त्यांनी ‘मला नेमके काय झाले आहे?’ असे सरळ विचारले, तेव्हा मालूने ‘साधा अल्सर आहे’ असे सांगितले आणि बाहेर येऊन मला म्हणाली, ‘दादा, हे व्हाइट लाय आहे.’ तेव्हापासून तो शब्द मनातून जात नाही.

याच ‘लाय’वरून आपण वसतिगृहात अबोला धरला होता, हे आठवते का? निजणे आणि खोटे बोलणे हा मुळात एकच शब्द, असा तुझा हट्ट होता. मी अजूनही म्हणतो की नाही. जुन्या इंग्रजीत पडून राहण्याला ‘लिज्जन’ आणि खोटे बोलण्याला ‘लेओगन’ असे दोन निराळे धातू होते. उच्चार झिजत जाऊन ते एकरूप झाले, जर्मनमध्ये मात्र ‘लीगेन’ आणि ‘ल्यूगेन’ आजही वेगळे आहेत. शेक्सपिअरने १६०९ साली छापलेल्या १३८व्या सुनीतात या योगायोगावरच श्लेष केला आहे, हा तुझा पुरावा म्हणूनच मला कधी पटला नाही.

मला अस्वस्थ करतो तो याच कुळातला ‘वॉरलॉक’. आज त्याचा अर्थ चेटक्या असला, तरी जुन्या ‘वॅरलोगा’चा अर्थ दिलेला शब्द मोडणारा असा होता. सोळाव्या शतकापासून इंग्रज निरुपद्रवी खोट्याला पांढरे म्हणत आले आहेत. पण अप्पांनी आयुष्यभर आपल्यावर जो विश्वास टाकला, तो मोडणारे खोटे निरुपद्रवी कसे म्हणावे? इ. स. ४२०च्या सुमारास संत ऑगस्टीनने जवळपास हाच प्रसंग घेतला होता: अत्यवस्थ बाप मुलाची खुशाली विचारतो, मुलगा वारलेला आहे, आणि सत्य ऐकून बापाचा जीव जाईल. हा युक्तिवाद आपल्याला फार हलवतो, हे त्याने मान्य केले, तरीही खोटे बोलण्यास संमती दिली नाही. त्याच्याइतका कठोर मी नाही, परंतु अप्पांनी स्वतःहून विचारले आहे, आणि विचारणाऱ्याला उत्तराचा हक्क आहे, असे मला मनापासून वाटते.

तुझ्या बदलीचे काय झाले? वहिनींना नमस्कार, चिंटूला आशीर्वाद.

रविवारी मी अप्पांना सर्व सांगणार आहे. त्याआधी मालूला एकदा फोन कर; माझ्यापेक्षा ती तुझे ऐकते.

तुझा,
श्रीधर