खड्ड्यांबरोबर पट्ट्यांचंही बघा: केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली

सन्माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

श्रावण लागला की मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांची आठवण सगळ्यांना होते. पाहणी दौरे निघतात, 'गणपतीपूर्वी खड्डे बुजवा' असे आदेश सुटतात, वर्तमानपत्रांत फोटो येतात. खड्ड्यांवर बरेच जण लिहितात, म्हणून मी रस्त्यावरच्या पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांबद्दल लिहिते आहे. पट्टे म्हणजे रस्ता झाल्यावरची रंगरंगोटी, असं ठेकेदारापासून सरपंचापर्यंत सगळे धरून चालतात. इकडे गाड्या मात्र तेच पट्टे वाचून चालायला लागल्या आहेत, आणि ऐन पावसाळ्यात आमच्या रस्त्यावर त्यांना वाचायला फारसं काही उरलेलं नसतं.

मी लांज्याची. वाहन विम्याचं काम करते. रत्नागिरी, राजापूर, कधी कणकवली अशी कामं असतात आणि गाडी मीच चालवते. घरातल्या नव्या गाडीत 'एडास', म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा, आहे. आपल्याला समजावून सांगायची गरज नाही, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून थोडक्यात सांगते. पुढच्या काचेला, आरशाच्या पाठीशी, एक कॅमेरा असतो. पुढच्या जाळीत रडार असतं. रडार पुढच्या गाडीचं अंतर आणि वेग मोजतं, कॅमेरा पट्टे बघतो. इंडिकेटर न देता चाक पट्ट्यावर चढलं की बीप वाजतो नाहीतर स्टीअरिंग थरथरतं. तरीही चालक हलला नाही तर स्टीअरिंगची मोटर गाडीला ओढून लेनमध्ये आणते. बहुतेक गाड्यांत हे ताशी 60 किलोमीटरच्या आसपास सुरू होतं. क्रूझ, म्हणजे वेग आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर आपोआप राखणारी सोय, लावल्यावर लेनच्या मधोमध चालवणारी सोय काही गाड्यांत त्याहून कमी वेगातही चालू असते. माझ्या गाडीत आहे. 2020-21 मध्ये एमजी ग्लॉस्टर, महिंद्रा एक्सयूव्ही 700 अशा गाड्यांतून हे आपल्याकडे आलं, तेव्हा ती श्रीमंतांची हौस वाटायची. आता माझ्याकडे पॉलिसी काढायला येणारे आंबा बागायतदार आणि नोकरदार नवरा-बायकोही एडासवाली गाडी घेतात. शोरूममधून त्यांना आवाज कमी-जास्त कसा करायचा ते कळलेलं असतं. यंत्रणा कधी हात वर करते, ते कुणी सांगितलेलं नसतं.

यंत्रणा उपयोगाची आहे, यात मला शंका नाही. गणपतीच्या आदल्या दोन-तीन रात्री आठवा. बोरिवली, विरार, डोंबिवलीचा माणूस दिवसभराची ड्युटी करून रात्री दहाला गाडी काढतो. मागे बायको-मुलं झोपलेली, डिकीत मखर. पेण, माणगावची कोंडी पार करून तो पोलादपूरला येईपर्यंत तीन-चार वाजतात. पुढचे दोन तास सगळ्यात वाईट. रस्ता मोकळा होतो, वेग वाढतो आणि डोळा लागतो. त्या क्षणी स्टीअरिंग थरथरलं तर एक कुटुंब गावात धड पोचतं. पट्ट्यांच्या या सगळ्या खटाटोपाचं खरं काम कोकणात याच रात्रींना आहे.

आणि नेमके त्याच रात्रींना पट्टे दिसत नाहीत. भाद्रपद येईपर्यंत आमच्याकडे अडीच-तीन महिने पाऊस कोसळलेला असतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, त्यातला बहुतेक तोवर पडून गेलेला असतो. नवे पट्टे मारायचे तर रस्ता कोरडा लागतो, म्हणून ते काम पावसाळ्यानंतर निघतं. म्हणजे पट्टे दिवाळीनंतर चांगले, गणपतीत सगळ्यात वाईट.

हे पट्टे जरा वाकून पाहिले आहेत का आपण? साधा रंग नसतो तो. थर्मोप्लास्टिक बॉयलरमध्ये 180 ते 200 अंशांना वितळवतात, जेमतेम अडीच मिलिमीटरचा थर ओततात आणि तो गरम असतानाच त्यावर काचेचे बारीक मणी पेरतात. दिव्याचा उजेड मण्यात शिरतो आणि चालकाकडे परत फिरतो, म्हणून पट्टा रात्री उजळतो. पावसात मण्यांवर पाण्याचा पापुद्रा बसतो. उजेड मण्यापर्यंत पोचण्याआधीच पाण्यावरून पुढे निसटतो आणि पट्टा विझतो. माणसाला तरी पुढच्या ट्रकचे लाल दिवे, झाडांची रांग, ओळखीचं वळण यांचा आधार असतो. कॅमेऱ्याला रस्ता आणि पट्टा यांच्या रंगातला फरकच लागतो. त्यात आमचा महामार्ग काँक्रीटचा. फिकट काँक्रीटवर पांढरा पट्टा उन्हातही फारसा उठून दिसत नाही. उलट दोन स्लॅबमधल्या सांध्यात भरलेलं काळं डांबर ठळक दिसतं, आणि ओल्या रस्त्यावर समोरून दिव्यांचा झोत आला की कॅमेरा कधी कधी त्यालाच पट्टा समजतो. जिथे डोंगर कापून रस्ता नेला आहे तिथे जांभ्याची लाल माती वाहून येते आणि कडेचा पट्टा गाडून टाकते. जुलैमध्ये लांज्याच्या आसपास कुठेही उतरून बघावं. बुटाने माती खरवडली की खाली पट्टा सापडतो.

याहून धोक्याची गोष्ट म्हणजे न पुसलेले जुने पट्टे. आरवली ते वाकेड या भागाचं चौपदरीकरण किती रखडलं ते आपण जाणताच. काम चालू असताना वाहतूक आज या अंगाने, उद्या त्या अंगाने. गेल्या पावसाळ्यात रात्री रत्नागिरीहून परत येत होते. पालीच्या अलीकडे रस्ता डावीकडे वळवलेला, प्लास्टिकचे ड्रम लावलेले, पुढे मातीचा बांध. पण मूळ रस्त्यावरचा पांढरा पट्टा कुणी खरडून काढला नव्हता. तो थेट बांधाकडे गेलेला. क्रूझ लावलेलं होतं, वेग पन्नासच्या आत. समोरच्या पडद्यावर दोन हिरव्या रेघा उमटल्या, म्हणजे गाडी म्हणते आहे, "दिसला रस्ता." मी डावीकडे वळवायला घेतलं तर स्टीअरिंगने विरोध केला. जोराने नाही, पण हातात कळेल इतका. मी वळवलं, गाडी वळली, मागच्या एसटीने हॉर्न दिला, प्रकरण तिथे संपलं. गाडीने काहीही चुकीचं केलं नाही. रस्त्याने दाखवलेला पट्टा तिने पाळला. हातात बळ असलेल्या आणि जाग्या माणसाला त्यात धोका नाही. गणपतीच्या रात्री पोलादपूरपासून पेंगत आलेल्या माणसाचं काय होईल, ते आपणच सांगा.

गुरांचं मी लिहीत नाही. पावसात ती कोरड्या काँक्रीटवर येऊन बसतात आणि त्यात केंद्र सरकार काय करणार! दुभाजकात फट नाही म्हणून उलट्या बाजूने येणाऱ्या मिनीडोरचंही नाही. क्रूझने पुढच्या गाडीपासून राखलेल्या अंतरात दुचाकी घुसते, आपली गाडी कचकन ब्रेक मारते आणि मागचा डंपर अंगावर येतो, हेही रोजचं आहे. त्याला चालकांनीच शिस्त लावायची.

पट्टे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहेत.

2025 च्या मार्चमध्ये आपल्या मंत्रालयाने मसुदा काढला, की बस आणि मालवाहू ट्रकसारख्या मोठ्या वाहनांत आपोआप लागणारा ब्रेक, पेंग आलेल्या चालकाला सावध करणारी यंत्रणा आणि लेन सुटल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची करावी. हेतू उत्तम. शेजारी एसटीचे चालक राहतात, त्यांना मी हे सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "वैनी, दर मिनिटाला बोंबलायला लागलं ना ते, तर मी त्याच्यावर फडका टाकीन." त्यांना मी दोष देणार नाही. पट्टा कधी दिसतो, कधी नाही, कधी जुनाच दिसतो, अशा रस्त्यावर ते यंत्र उगाच ओरडत राहणार. उगाच ओरडणाऱ्या यंत्राचं कुणी ऐकत नाही, आणि खरा प्रसंग येतो तेव्हा ते फडक्याखाली असतं. माझ्या ग्राहकांतले कितीतरी जण गाडी सुरू केल्या केल्या बोट लावून लेनची सोय बंद करतात. पैसे मोजून घेतलेली सोय आहे ही.

युरोपचं उदाहरण आपण बऱ्याचदा देता, म्हणून मीही देते. तिथे जुलै 2024 पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये लेन राखणारी आपत्कालीन यंत्रणा सक्तीची आहे. तो कायदा 2019 चा. त्याच 2019 साली त्यांनी रस्त्यांच्या सुरक्षिततेबाबतचं आपलं निर्देशपत्रही सुधारलं आणि त्यात लिहिलं, की पट्टे आणि फलक चालकांना तसेच गाडीतल्या सहाय्यक यंत्रणांना नीट वाचता आले पाहिजेत. गाडीचा नियम आणि रस्त्याचा नियम त्यांनी एकाच वर्षी केला. आपण त्यातला गाडीचा अर्धा उचलतो आहोत.

आपल्याकडे नियम नाहीत असंही नाही. पट्ट्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी 35 ही संहिता आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 198-अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल मानकांप्रमाणे न ठेवल्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रकमेबद्दल मी बोलत नाही, विमेवालीने त्यावर बोलू नये. पण पुसलेला पट्टा हा या कलमाखाली दोष धरला जातो का, हे आपण स्पष्ट लिहून द्यावं.

माझी मागणी अशी. कोकणातल्या महामार्गाचे पट्टे एप्रिल-मे महिन्यांत नव्याने मारले जावेत, पावसाळ्यानंतर नव्हे. कडेचे पट्टे साधे सपाट नकोत, आडव्या उंचवट्यांचे हवेत. पाणी उंचवट्यांवरून ओघळून जातं आणि मण्यांचा वरचा भाग पाण्याबाहेर राहतो, म्हणून पावसाळी रात्रीही ते दिसतात. शिवाय चाक त्यावर गेलं की गाडी घरघरते, म्हणजे कॅमेरा नसलेल्या जुन्या ओम्नीलाही इशारा मिळतो. खर्च जास्त येईल. तो देशभर करा असं मी म्हणत नाही, जिथे आभाळ चार महिने फाटतं तिथे करा. रस्ता वळवताना जुने पट्टे खरडून काढल्याशिवाय नवं वळण सुरू करायला परवानगी देऊ नये. नुसता काळा रंग फासून भागत नाही, दोन पावसांत जुना पट्टा खालून वर येतो. आणि गणपतीआधीचा जो पाहणी दौरा असतो, तो एकदा रात्री, पाऊस पडत असताना करावा. दिवसा खड्डा दिसतो, पट्ट्याची परीक्षा रात्रीच होते.

"एडासवाल्या मूठभर गाड्यांसाठी एवढं कशाला?" असं कुणीतरी फाइलवर लिहील. आपल्याच मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली आणि त्यांतले 44.5 टक्के दुचाकीवरचे होते. दुचाकीला कॅमेरा नाही, रडार नाही. मुसळधार पावसात हेल्मेटची काच वर करून, डोळे बारीक करून रस्त्याची कड शोधत जाणाऱ्या माणसाला त्या कडेच्या पट्ट्याशिवाय दुसरा आधार नसतो.

जाता जाता धंद्यातली एक गोष्ट. चिरे आणि खडी वाहणाऱ्या गाड्यांमागे जाऊन पुढची काच तडकणं आमच्याकडे नित्याचं. एडासच्या गाडीची काच बदलली की कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर तो पट्टा बघतो एका जागी आणि समजतो दुसऱ्या. छोट्या गॅरेजमध्ये काच बसते, पण कॅमेरा जुळवायची सामग्री तिथे नसते, आणि गाडीमालक त्याच दिवशी गाडी घेऊन जातो. कॅमेरा जुळवल्याचा दाखला काचेच्या बिलासोबत देणं बंधनकारक केलंत, तर आम्हा विमेवाल्यांनाही तो मागता येईल.

2014 पासून आपण हे खातं सांभाळता. रस्ता आणि गाडी यांचे नियम एकाच मंत्रालयात असणं ही आपल्या हातातली मोठी सोय आहे. पुढच्या मे महिन्यात पट्टे मारायचे तर निविदा फेब्रुवारीपर्यंत निघायला हवी आणि उंचवट्याच्या पट्ट्यांची तरतूद तिच्या मसुद्यातच असायला हवी. तसं होणार असेल तर मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तो मसुदा टाकावा, आम्ही वाचून सूचना पाठवू. होणार नसेल तर कारण कळवावं.

आपली नम्र,
एक विमा प्रतिनिधी,
लांजा, जिल्हा रत्नागिरी