गाणाऱ्या यंत्राची व्यंजने

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत संगणकाकडून गाऊन घेण्याच्या तंत्राविषयी आलेला लेख वाचला. अशा गाण्यात सूर अचूक लागतो पण शब्द निर्जीव राहतात, हे त्यातले निरीक्षण बरोबर आहे. मात्र त्यावरून यंत्राच्या गाण्यात भाव येणारच नाही असा जो निष्कर्ष काढला आहे, तो मला मान्य नाही. गेली काही वर्षे मी अशा सॉफ्टवेअरवर चाली बांधतो आहे, आणि शब्द निर्जीव वाटण्याचे कारण मला बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडले आहे: व्यंजने जशी आली तशी सोडून दिलेली असतात.

सॉफ्टवेअर प्रत्येक व्यंजनाला सरासरी लांबी आणि सरासरी जोर देते. गायक तसे करत नाही. एकाच ओळीतला एक 'क' तो ठासून म्हणतो, दुसऱ्याला नुसता स्पर्श करून पुढे जातो, आणि ओळीतला कोणता शब्द महत्त्वाचा आहे हे ऐकणाऱ्याला त्यावरूनच उमगते. नवशिका मात्र सगळा वेळ सुरांची रेघ आखण्यात आणि व्हायब्रॅटो, म्हणजे लांबवलेल्या स्वरातले हलके कंपन, बसवण्यात घालवतो. व्हायब्रॅटो सेकंदाला पाच ते सात आंदोलनांच्या बेतात ठेवला आणि स्वर स्थिरावल्यावर सुरू केला, की तेवढ्यावर भागते.

जोर देण्याच्या बाबतीत होणारा सर्वांत मोठा घोटाळा एका शब्दामुळे होतो. यामाहाचे 'व्होकॅलॉइड' हे गाणारे सॉफ्टवेअर २००४ साली बाजारात आले. त्यात 'व्हेलॉसिटी' नावाचा पॅरामीटर आहे. कीबोर्ड वाजवणाऱ्यांना हा शब्द ओळखीचा असतो. पट्टी किती जोरात दाबली, ते ० ते १२७ या आकड्यांत सांगणारे ते माप. व्होकॅलॉइडमध्ये मात्र हाच आकडा व्यंजनाची लांबी ठरवतो, आणि तीही उलट्या दिशेने, म्हणजे आकडा वाढवला की व्यंजन आखूड होते. जोर हवा म्हणून आकडा १२० वर न्यावा, व्यंजन पुसट व्हावे, ते ऐकू यावे म्हणून आवाज वाढवावा आणि मग स्वर ओरडू लागावा, या फेऱ्यात मी स्वतः कित्येक महिने अडकलो होतो. मूळच्या ६४ वरून आकडा खाली आणून पाहिल्यावर तीच ओळ एकदम स्पष्ट झाली.

व्यंजनावरचा जोर हा आवाजाच्या मोठेपणात फारसा नसतोच. 'पक्का' हा शब्द सावकाश म्हणून पाहावा. 'क्क' च्या आधी हवा अडते, क्षणभर काहीच ऐकू येत नाही, आणि मग ती सुटते. त्या शांततेतच जोर आहे. म्हणून स्पर्श व्यंजनाला ठसा हवा असेल, तर मागच्या स्वराची शेपटी तीस-चाळीस मिलिसेकंदांनी कापून ती जागा व्यंजनाला द्यावी. ही जागा मागच्याच स्वराकडून घ्यावी लागते, कारण गाताना मात्रेवर येतो तो स्वर. व्यंजन त्याच्या आधीच उच्चारून झालेले असते. व्यंजनच मात्रेवर ठेवले, तर ताल अचूक असूनही गाणे सतत मागे रेंगाळल्यासारखे वाटते. 'स' आणि 'श' यांचा प्रकार वेगळा आहे. त्यांचा आवाज वाढवला तर कानाला टोचणारी शिट्टी येते, तेव्हा त्यांची फक्त लांबी वाढवावी. 'म', 'न', 'ल' यांच्यावर तर सूर धरता येतो. तेथे जोर द्यायचा म्हणजे त्यांच्यावर थोडे रेंगाळायचे.

मराठी शब्द गाऊन घेणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते. इंग्रजी ध्वनींवर आधारलेल्या व्हॉइसबँकेत, म्हणजे सॉफ्टवेअर ज्यावरून गाते त्या आवाजाच्या साठ्यात, शब्दारंभीचा 'क' हा आपल्या 'ख' कडे झुकलेला असतो; तो आखडून घेतला नाही तर 'काय' चे 'खाय' ऐकू येते. लिस्कर आणि अब्रॅमसन या संशोधकांनी १९६४ साली अकरा भाषांतील स्पर्श व्यंजने मोजली, त्यांत मराठी आणि हिंदीही होत्या. हवा सुटणे आणि कंठ कंप पावू लागणे यांतील अंतरावरून बहुतेक भाषांतील व्यंजनांचे गट वेगळे करता आले, पण 'ग' आणि 'घ' यांच्यासारख्या जोड्यांना ते एक माप पुरले नाही. सॉफ्टवेअरमध्ये हाच अनुभव येतो. 'घ' किंवा 'भ' साठी व्यंजनाची लांबी कितीही बदलली तरी काम होत नाही. त्यापुढच्या स्वराच्या अगदी आरंभी 'ब्रेदिनेस', म्हणजे आवाजात मिसळलेली श्वासाची हवा, वाढवून ती लगेच उतरवावी लागते. 'चाक' आणि 'चित्र' यांतला 'च' लिहायला एकच असला तरी ध्वनी दोन आहेत, म्हणून तेथे अक्षरावर विसंबून न राहता फोनिम, म्हणजे नेमका ध्वनी, स्वतः निवडावा लागतो. 'ळ' आणि 'ण' मात्र मूळ ध्वनिमुद्रणात नसतील तर कोणत्याही स्लायडरने येत नाहीत, हे मान्य केलेच पाहिजे.

आता भावाविषयी. माणूस जोर लावून गातो तेव्हा त्याचा आवाज केवळ मोठा होत नाही, त्याचा पोतही उजळतो. नुसता 'लाउडनेस' वाढवला तर कोणीतरी रेडिओचे बटण फिरवल्यासारखे वाटते. 'सिंथेसायझर व्ही' सारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या जोडीने 'टेन्शन', म्हणजे आवाजातला ताण, थोडे चढवले, की गाणारा दम लावतो आहे असे जाणवते. शिवाय 'ग', 'द', 'ब' अशा सघोष व्यंजनांपाशी माणसाचा सूर किंचित खाली झुकतो. माणसांच्या गाण्यावरून शिकणाऱ्या नव्या न्यूरल पद्धतीच्या सॉफ्टवेअरने आखलेल्या सुरांच्या रेघेत हे झुकणे आपोआप येते, आणि अनेक जण ती चूक समजून रेघ सरळ करतात. हे पाहून मला फार वाईट वाटते, कारण यंत्राने माणसाकडून उचललेली चांगली गोष्ट माणूसच पुसून टाकत असतो.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे, की यापुढे अशा गाण्यांचे परीक्षण छापताना परीक्षकाने वाद्यमेळ बंद करून फक्त गायनाचा ट्रॅक एकदा तरी ऐकावा आणि व्यंजनांवर किती मेहनत घेतली आहे, याविषयी चार ओळी लिहाव्यात.

आपला नम्र,
एक हौशी संगीतकार वाचक