भाच्याच्या मुंजीला न येण्याविषयी

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

ताईने पाठवलेली पत्रिका परवा मिळाली. मुंज वैशाखातच ठरली आणि तीत मामाचे नाव छापूनही झाले, हे पाहून आनंद झाला आणि त्याच क्षणी जीव कासावीस झाला, कारण मला येता येणार नाही. फोनवर हे सांगितले असते तर आई, तू रडली असतीस आणि मला पुढे बोलता आले नसते. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी चंबळेवर पाणचिऱ्यांच्या घरट्यांची राखण करतो एवढे तुम्हाला ठाऊक आहे, पण त्या कामाचे स्वरूप मी कधी नीट सांगितले नाही. हा पक्षी वरून काळा, खालून पांढरा. चोच नारिंगी, आणि तिचा खालचा भाग वरच्यापेक्षा लांब. तो पाण्यात बुडवून पक्षी पृष्ठभाग चिरत जातो आणि मासा लागताच चोच मिटतो. साऱ्या जगात असे प्रौढ पक्षी तीन हजारांहूनही कमी उरले असावेत असा अंदाज आहे, आणि चंबळ हे त्यांच्या विणीच्या मोठ्या ठिकाणांपैकी एक आहे. ते झाडावर घरटे बांधत नाहीत. नदीतल्या वाळूच्या बेटावर उथळ खळगा करून त्यात तीन-चार अंडी घालतात. ती वाळूच्याच रंगाची आणि तपकिरी डागांची असल्यामुळे दोन पावलांवर उभ्या माणसालाही दिसत नाहीत. बेटाभोवतीचे पाणी हेच त्यांचे कुंपण.

यंदा ते कुंपण राहिले नाही. चैत्र सरता सरता आमचे बेट आणि काठ यांमधली धार गुडघ्याखाली आली, मग घोट्याखाली, आणि एका पहाटे तेथे केवळ ओली वाळू उरली. त्याच रात्री कुत्री आली. सकाळी आम्ही अकरा घरटी रिकामी मोजली. बाबा, मी वही हातात घेऊन बराच वेळ तसाच उभा होतो. गेल्या पंधरा दिवसांत त्यातल्या प्रत्येक घरट्यापुढे मी स्वतः नोंद केली होती.

त्यानंतर आम्ही कोरड्या पडलेल्या वाटेवर बांबू रोवून जाळी बांधली आणि गावातल्या दोन मुलांना रात्रीच्या पहाऱ्याला घेतले. त्यांतला एक याच वाळूवर शेळ्या चारायचा. घरटे शोधण्यात त्याची नजर माझ्या दुर्बिणीपेक्षा तेज आहे. रविवारी मुरैन्याहून, कधी आपल्या ग्वाल्हेरहूनही, माणसे नावेतून घडियाल, म्हणजे लांब तोंडाच्या मगरी, पाहायला घाटावर येतात आणि वाट दिसते म्हणून बेटाकडे चालू लागतात. पूर्वी मला त्यांचा राग येई. आता मी त्यांना लांबूनच दुर्बिणीतून अंड्यांवर बसलेली मादी दाखवतो आणि सांगतो की माणसे जवळ गेली की पक्षी उठतात, आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हात उघडी पडलेली अंडी थोड्याच वेळात आतल्या आत मरतात. हे ऐकल्यावर पुढे गेलेला माणूस मी अजून पाहिला नाही. आम्ही स्वतःही भर दुपारी तेथे पाऊल ठेवत नाही.

आई, रात्री टिटवी ओरडली की तू अपशकुन म्हणून देवापुढे दिवा लावायचीस. येथे नदीटिटवीही त्याच वाळूत अंडी घालते. ऊन चढले की ती पाण्यावर जाते, पोटाची पिसे भिजवते आणि धावत येऊन अंड्यांवर बसते. पाणचिराही असेच करतो. तू वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारून आम्हाला दुपारी निजवायचीस, ते मला येथे रोज आठवते. आणि रात्री कोल्हा बेटाकडे वळला की पहिली हाक टिटवीच देते. आमचा सगळा पहारा तिच्याच भरवशावर चालतो. बीहडाची, या नदीकाठच्या घळींच्या रानाची, काळजी मात्र तू मनातून काढून टाक. येथली माणसे मला रोज ताक पाठवतात.

आता मुंजीच्या दिवसाविषयी. अंडी गेलेल्या जोड्यांपैकी काहींनी पुन्हा अंडी घातली आहेत. ती उबायला सुमारे तीन आठवडे लागतात, म्हणजे पिल्ले बाहेर येतील ती नेमकी मुंजीच्याच आठवड्यात. आणि त्यांना उडता येण्यास पुढे महिनाभर तरी हवा. त्याआधी पाऊस सुरू होऊन नदी चढली तर बेट बुडेल, त्यावर आमचा उपाय नाही. परंतु पिल्ले वाळूवर चालू लागतात ते दिवस कुत्र्यांपासून सर्वांत धोक्याचे, आणि तेवढे तरी आमच्या हातात आहे. आम्ही चौघेच आहोत. मी निघालो तर रात्रीची एक पाळी रिकामी राहते. मामाचा मान मोठा आहे हे मी जाणतो. ताईला मी वेगळे लिहीत आहे. धाकट्या काकांनी माझ्या जागी बसावे, अशी माझी विनंती त्यांना तुम्हीच सांगावी.

बाबा, एक काम तुमच्याकडे आहे. चंबळेच्या वरच्या अंगाला असलेल्या कोटा बराजच्या, म्हणजे तिथल्या बंधाऱ्याच्या, उजव्या कालव्यावर तुम्ही आयुष्यभर पाण्याची उंची मोजलीत. गेल्या मंगळवारी पाऊस नसताना रात्री नदी वीतभर चढली आणि दुपारी पुन्हा उतरली. खालच्या अंगाची तीन घरटी थोडक्यात वाचली. वरून सोडलेले पाणी येथवर यायला किती वेळ लागतो ते आम्हाला नोंदींवरून ठरवायचे आहे, पण वाळूत रोवलेली आमची पट्टी कलते आणि आकडे चुकतात. ती कशाला बांधावी, शून्य कोठे धरावे आणि दिवसातून किती वेळा वाचावी, हे आकृती काढून कळवाल का? आमचा माणूस गुरुवारी किराणा घ्यायला ग्वाल्हेरला बाड्याच्या बाजारात येतो. तो घरी येऊन कागद घेऊन जाईल. त्याच्याजवळ आईने तिळाची चटणी दिली तर चौघांनाही पुरेल एवढी द्यावी.

तुमचा,
बाळ