रविवारी भेटतोय: लहानपणीचं पुस्तक परत वाचून या

मंडळी, येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता नेहमीच्या जागी, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये भेटायचंय. यावेळी नवीन पुस्तक नाही, लहानपणी जे पारायणं करून वाचलंत तेच परत वाचून यायचंय, आणि प्लीज आठवणीवर बोलू नका, खरंच वाचा.

मी 'श्यामची आई' घेतलंय. साने गुरुजींनी हे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, ४२ रात्रींच्या गोष्टी. दहाव्या वर्षी वाचताना मी श्याम होते, ओरडा खाणारी, आता माझाच मुलगा दहाचा आहे आणि वाचताना सारखं लक्ष आईकडे जातं, कर्ज, सावकार, तिचं आजारपण, हे सगळं तेव्हा कसं काय दिसलंच नाही मला! दोन रात्रींनंतर पुस्तक बाजूला ठेवावं लागलं.

लक्षात ठेवा:
- प्रत्येकी ८ मिनिटं. गोष्ट सांगत बसू नका, तेव्हा काय वाटलं आणि आता काय वाटतं एवढंच बोला.
- एखादं पुस्तक आता आवडलं नाही तर तेही सांगा, कोणी वाईट वाटून घेणार नाही.
- जुनी प्रत असेल तर आणाच, फाटकी असली तरी चालेल.
- ग्रुपवर पीडीएफ टाकू नका. गुरुजींचं लेखन कॉपीराइटमुक्त झालंय पण 'फास्टर फेणे' वगैरे नाही, ती लायब्ररीतून घ्या.

पुस्तकाचं नाव शुक्रवारपर्यंत इथेच कळवा. मुलांना आणलं तरी चालेल.