म्हातारीला माहीत होतं, लायब्ररीला नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात विद्यापीठाच्या डिजिटल लायब्ररीची बातमी आली होती, इतके प्रबंध स्कॅन झाले, इतके ऑनलाइन चढले, सोबत फीत कापतानाचा फोटो. चांगलंच आहे, नावं ठेवायला मी हे पत्र लिहीत नाहीये. पण त्यात एक वाक्य होतं की आता संशोधकांना सगळं एका क्लिकवर मिळणार, आणि तिथे मला जरा हसूच आलं. का ते सांगते.

मी माणदेशातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. माझी पीएचडी विहिरींवर. दोन उन्हाळे मी गावोगाव हिंडले, हातात मोजपट्टी आणि जीपीएस, पाणी किती खाली गेलंय, विहीर कधी खोदली, कधी आटली असं सगळं लिहून घ्यायचे. एका गावात एक म्हातारी ओसरीवर मटकी निवडत बसली होती, मी विचारायला लागले तर म्हणाली, "अगं, तुमच्यातलाच एक पोरगा आलता की मागल्या साली. हिरींचीच गाणी लिवून घेतली त्यानं माझ्याकडनं." नाव काय त्याचं विचारलं तर म्हणे, "नाव कुठलं ठावं, पर भाकरी हितंच खाल्ली त्यानं." मी मान डोलावली आणि पुढच्या विहिरीकडे गेले. झालं, तिथेच चुकलं.

सहा वर्षांनी एका रिफ्रेशर कोर्सला चहाच्या रांगेत मराठीचे एक सर भेटले आणि बोलता बोलता कळलं की तो पोरगा म्हणजे हेच. जात्यावरच्या ओव्यांमध्ये पाणी कसं येतं हा त्यांचा विषय. विद्यापीठ एकच, सालं जवळपास तीच, त्यांच्या गाइडची केबिन आमच्या डिपार्टमेंटसमोरच्या इमारतीत, आणि प्रबंधाची सीडी आम्ही दोघांनी लायब्ररीच्या एकाच खिडकीवर एकाच क्लार्ककडे दिलेली. त्यांच्या प्रबंधाच्या शेवटी परिशिष्ट आहे, ओव्यांमध्ये नाव आलेल्या विहिरींचं, कोणती कोणी खोदली, कोणती बहात्तरच्या दुष्काळात आटली, कोणतीवर तेव्हा तीन गावं जगली. माझ्या तक्त्यात त्यातल्या बऱ्याच विहिरींपुढे 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहिलंय. आणि त्यांच्या यादीत एका विहिरीपुढे लिहिलंय 'स्थान निश्चित करता आले नाही', ती विहीर माझ्याकडे अक्षांश-रेखांशासकट आहे, तिच्या कठड्यावर बसून मी डबा खाल्लाय.

आता मला सांगा, दोन्ही प्रबंध एकाच सर्व्हरवर पडलेत, मग त्या सर्व्हरने सहा वर्षांत एकदाही मला म्हणू नये का की बाई, समोरच्या इमारतीत एक माणूस तुझ्याच विहिरींवर काम करतोय?

कोणी म्हणेल सर्च करायचा होतात. पण सर्च करायला काय शोधायचंय ते आधी माहीत पाहिजे ना. मी ग्राउंडवॉटर, वेल इन्व्हेंटरी, ड्रॉट असले शब्द टाकायचे, 'ओवी' टाकायचं माझ्या डोक्यात कशाला येईल. इथेच रेकमेंडर नावाची गोष्ट लागते. खरेदीच्या साइटवर कुकर घेतला की खाली शिट्टी नि रिंग सुचवतात तेच, फक्त इथे वस्तूऐवजी माणूस सुचवायचा. आपल्याकडे यासाठी फार जुना शब्द आहे, सूचक. वधू-वर सूचक मंडळात काय करतात, दोन घरांची माहिती असलेली बाई वही उघडते आणि म्हणते अहो यांना भेटून तर बघा. डिजिटल लायब्ररीकडे वही आहे, जाडजूड आहे, पण ती उघडणारी बाई नाहीये.

पूर्वी ही सोय थोडीफार होती बरं का. आमच्या वेळी पुस्तकाच्या मागच्या खिशात एक कार्ड असायचं, त्यावर आधी पुस्तक कोणी नेलं त्यांची नावं. एमएला असताना माझ्या आवडीच्या प्रत्येक पुस्तकाच्या कार्डावर एकाच मुलीचं नाव माझ्या आधी दिसायचं, शेवटी मी तिला कँटीनमध्ये शोधून काढलं, आजही आमची मैत्री आहे. आपले ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम लिहिले, त्यातला एक आहे प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, त्या कार्डाने त्यात प्रत्येक वाचकाला दुसरा वाचक अशी भर फुकटात घातली होती. बारकोड आला आणि ती नावं कॉम्प्युटरच्या पोटात गेली. तशी ती सगळ्यांना दिसू नयेत हेही मला पटतं, कोण काय वाचतंय हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. म्हणून मी वाचनाच्या नोंदी मागतच नाहीये, जे आपण स्वतः छापून, सही करून, जगजाहीर केलंय त्या प्रबंधांवरून तरी सुचवा एवढंच म्हणतेय.

आणि माल काय कमी आहे का. २००९ साली यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, नियम केला की पीएचडीचा प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही द्यायचा, गांधीनगरचं इन्फ्लिबनेट, म्हणजे विद्यापीठांच्या लायब्रऱ्या जोडणारं केंद्र, ते शोधगंगा नावाच्या वेबसाइटवर ठेवतं, आज तिथे पाच लाखांच्या वर प्रबंध आहेत. खरंच मोठं काम आहे. त्यांचंच 'विद्वान' नावाचं तज्ज्ञांच्या माहितीचं पोर्टल आहे, आयरिन्स आहे ज्यात प्राध्यापकांची प्रोफाइल्स आणि कोणी कोणाबरोबर लिहिलं ते दिसतं. पण शोधगंगावर एखादा प्रबंध उघडून बघा, ०१ टायटल, ०२ सर्टिफिकेट अशी पीडीएफची रांग लागते आणि शेवटी ८० नंबरची फाइल, नाव रेकमेंडेशन. पहिल्यांदा मला वाटलं वा, इथे काहीतरी सुचवलेलं दिसतंय, उघडली तर मुखपृष्ठ आणि शेवटचं प्रकरण!

आता हे सूचक कसे चालतात ते मी गेल्या वर्षभरात जरा वाचून काढलं, कॉम्प्युटरवाल्या पुतण्याचं डोकं खाऊन. एक रीत अशी की तुमच्या सहलेखकांचे सहलेखक सुचवायचे, मित्राचा मित्र तसं. २००३ साली दोन अमेरिकन संशोधकांनी भौतिकशास्त्रज्ञांच्या सहलेखनाच्या जाळ्यावर हे तपासून दाखवलं की आज ज्यांचे ओळखीचे लोक सामाईक आहेत ते उद्या एकत्र लिहिण्याची शक्यता खरंच जास्त असते. ठीक आहे, पण माझ्यासारखीचे सहलेखक किती, एक, माझे गाइड. तालुक्याच्या कॉलेजातल्या मास्तरांची पाटी कोरीच असते, त्यामुळे ही पद्धत आमच्याबद्दल गप्प बसते आणि ज्यांच्या आधीच शंभर ओळखी त्यांना एकशे एकावी सुचवते. पैशाकडे पैसा जातो तसं.

दुसरी रीत शब्द जुळवायची, तुमच्या सारांशातले शब्द आणि दुसऱ्याच्या सारांशातले शब्द. इथे तर आमची जोडी जन्मात जुळली नसती, माझा प्रबंध इंग्रजीत, सरांचा मराठीत, माझे कीवर्ड वॉटर टेबल नि बेसॉल्ट, त्यांचे लोकसाहित्य नि स्त्रीगीते. हल्ली अशी मॉडेल्स आलीत म्हणे जी भाषा वेगळी असली तरी अर्थ जुळवतात, 'विहीर' आणि इंग्रजीतलं 'वेल' जवळ आहेत हे त्यांना कळतं. पण त्यांना वाचायला मजकूर तर मिळाला पाहिजे. सरांचा प्रबंध युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना कळणाऱ्या अक्षरांच्या, आधीच्या फॉन्टात टाइप केलेला, त्यातला मजकूर कॉपी करून बघा, नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा भुगा येतो. अनेक मराठी प्रबंधांचं हेच आहे, नाहीतर वाकडे स्कॅन आहेत, म्हणजे मशीनच्या दृष्टीने ती नुसती चित्रं. चित्रावरून अक्षर ओळखणारी टेसरॅक्टसारखी फुकट सॉफ्टवेअर मराठीलाही चालतात, शंभर टक्के अचूक नाही येत, पण जुळवाजुळवीला पुरे. हे काम कंटाळवाणं आहे आणि यात फीत कापता येत नाही, म्हणून होत नसावं बहुतेक.

नावांचा घोळ तर विचारूच नका. माझा प्रबंध माहेरच्या नावाने, संशोधनाचे पेपर सासरच्या नावाने, त्यात कुठे नाव आधी कुठे आडनाव आधी, कुठे मधलं नाव वडिलांचं कुठे नवऱ्याचं. लायब्ररीच्या लेखी मी तीन बायका आहे. एकीने पीएचडी केली आणि नंतर काहीच लिहिलं नाही, दुसरीने पीएचडी न करताच पेपर लिहिले, तिसरीचं नुसतं आद्याक्षर आहे. उलट 'पाटील एस. एस.' म्हणून शोधा, एकाच नावाखाली केमिस्ट्री, कॉमर्स आणि शारीरिक शिक्षण असं सगळं काम दिसेल. ऑर्किड नावाचा सोळा आकडी नंबर २०१२ पासून फुकट मिळतो, तो एकदा घेतला की नाव बदललं तरी माणूस तोच राहतो. पण प्रबंध जमा करायच्या फॉर्मवर गाइडची सही तीन ठिकाणी आणि या नंबरला रकाना नाही, निदान आमच्या फॉर्मवर तरी नव्हता.

माझं स्वतःचं म्हणणं असंय की आपल्याकडे सगळ्यात सोपा धागा गावाचा आहे. भूगोल, मराठी, समाजशास्त्र, शेती, वनस्पतिशास्त्र, अर्थशास्त्र, निम्मेअर्धे लोक कुठल्या ना कुठल्या तालुक्यात जाऊनच डेटा गोळा करतात. परिशिष्टात गावांची यादी असतेच. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी कोड दिलाय, प्रबंध जमा करताना एवढे कोड लिहून घ्या. मग म्हसवडचं स्पेलिंग कोणी व्हीने लिहो की डब्ल्यूने, काही बिघडत नाही. एका गावावर काम केलेली सगळी माणसं, कुठल्याही विषयाची, कुठल्याही भाषेत लिहिणारी, एका पानावर येतील. याला मोठं एआय नको, एक्सेल येणारा एक माणूस आणि चार महिने पुरेत. त्या म्हातारीच्या डोक्यातली सिस्टीम हीच होती की, विषय तिला माहीत नव्हता, गावात कोण येऊन गेलं तेवढं माहीत होतं.

आणि लांबचे धागे जुळले की काय होतं याचं एक उदाहरण मला फार आवडतं. डॉन स्वॉन्सन म्हणून शिकागो विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचे प्राध्यापक होते, डॉक्टर नव्हेत. त्यांनी १९८६ साली दोन ढीग वाचले, एक माशाच्या तेलाने रक्तावर काय परिणाम होतो याचा आणि दुसरा रेनॉड नावाच्या आजाराचा, ज्यात थंडीत बोटं पांढरी पडतात. या ढिगातले लोक त्या ढिगातल्यांचा उल्लेखच करत नव्हते. स्वॉन्सननी नुसतं वाचून म्हटलं की रेनॉडवर माशाच्या तेलाचा उपयोग होऊ शकेल, पुढे रुग्णांवरच्या चाचणीतूनही त्याला दुजोरा मिळाला. म्हणजे उत्तर लायब्ररीतच होतं, अर्धं या कपाटात अर्धं त्या. म्हणून सूचक बसवायचाच तर तो अगदी माझ्यासारखीच माणसं सुचवणारा नको, त्यांना तर मी कॉन्फरन्सच्या जेवणाच्या रांगेत दरवर्षी भेटतेच.

एक अडचण मात्र कॉम्प्युटरच्या बाहेरची आहे, ती लपवून चालणार नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत पेपर एकट्याने लिहिला तर पूर्ण पॉइंट, दोघांनी लिहिला तर प्रत्येकाला ७० टक्के. आणि तिघं-चौघं झाले तर मुख्य लेखक सोडून बाकीच्यांना ३० टक्के. प्रमोशनच्या फाइलीत पॉइंट मोजत बसलेला माणूस अनोळखी विषयातला जोडीदार कशाला शोधेल. आणि दुसरीकडे व्हॉट्सअॅपवर पेपरात नाव विकणारे आहेतच, पहिलं नाव इतक्याला दुसरं नाव तितक्याला. उद्या लायब्ररीने माणसं सुचवायला सुरुवात केली की हे लोक तिथेही घुसणार. म्हणून सुचवताना 'का सुचवलं' ते दाखवा, या या गावांमुळे, या परिशिष्टामुळे असं स्पष्ट लिहा, आणि ज्याला आपलं नाव सुचवलं जायला नको असेल त्याला बाहेर राहायची सोय ठेवा.

माझ्या तीन बायकांची एक करा म्हणून मी लायब्ररीत अर्ज दिलाय, फेब्रुवारीत. पहिल्यांदा सांगितलं वरून ऑर्डर लागेल, दुसऱ्यांदा सांगितलं सिस्टीममध्ये एडिटचा ऑप्शन नाही, तिसऱ्यांदा मॅडम रजेवर होत्या. सरांचा आणि माझा पेपर दरम्यान बराच लिहून झालाय, सध्या विहिरींची नावं इंग्रजीत कुठल्या स्पेलिंगने लिहायची यावर अडलंय.

आपली,
माणदेशातली एक प्राध्यापिका