शेरूच्या शिकवणीविषयी मित्रास पत्र

धरमपेठ, नागपूर
दि. २२ फेब्रुवारी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. अडीच महिन्यांचे गावठी पिल्लू घरी आणून तू त्याचे नाव शेरू ठेवलेस, याचा फार आनंद झाला. मात्र "सहा महिन्यांचा झाला की शिकवायला घेऊ" हे काकांचे म्हणणे वाचून लगेच लिहायला बसलो. सुधीर, तोवर थांबू नकोस. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला जी माणसे, जे आवाज आणि ज्या जागा निर्धास्तपणे अनुभवायला मिळतात, त्यांची धास्ती त्याला पुढे सहसा वाटत नाही, आणि शेरूच्या वाट्याचे यातले थोडेच आठवडे उरले आहेत. लसींचे डोस पूर्ण होईपर्यंत पार्वो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या संसर्गजन्य रोगांच्या भीतीने त्याला रस्त्यावर सोडायचे नाही हे खरे, पण कडेवर घेऊन फाटकापाशी उभे राहता येते. भाजीवाल्याची आरोळी, ऑटोची घरघर, हेल्मेट घातलेला माणूस हे सारे त्याला तिथून पाहू दे आणि पाहतापाहता एखादा घास भरव.

शिकवणीचा आरंभ 'बस'पासून कर. उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा चिमटीत धरून त्याच्या नाकाशी ने आणि तिथून सावकाश डोक्यावरून मागे सरकव. तुकड्यामागे नाक वर जाते आणि बूड आपोआप खाली येते. ते जमिनीला टेकले की त्याच क्षणी "शाब्बास" म्हणून तुकडा दे. हात फार उंच नेलास तर तो उडी मारेल, म्हणून तुकडा नाकापासून फार दूर जाऊ देऊ नकोस. सगळी गोम वेळेत आहे. शाब्बासकीला दोन-तीन क्षण उशीर झाला आणि तेवढ्यात तो उठला, तर बक्षीस उठण्याला मिळाले असेच तो समजतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले होते की ज्या हालचालीनंतर प्राण्याला हवे ते मिळते, ती हालचाल तो पुन्हापुन्हा करू लागतो. शेरूचेही तसेच आहे. म्हणूनच सकाळी केलेल्या घाणीसाठी संध्याकाळी रागावण्याला काही अर्थ नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला लगेच अंगणात ने आणि तिथे शू केली की तिथल्या तिथे कौतुक कर.

एक गोष्ट घरातल्या सर्वांनी मिळून ठरवावी लागेल. तू "बस" म्हणालास, मुले "सिट" म्हणाली आणि वहिनी "खाली बस रे" म्हणाल्या, तर त्या जिवाने काय समजावे? एकच शब्द ठरवा आणि तो एकदाच उच्चारा. एका वेळी पाच मिनिटे पुरेत. दिवसातून दोन-तीनदा, पोट भरलेले नसताना. हे तुकडे त्याच्या रोजच्या खाण्यातूनच वजा कर, आणि लाडाने कुणी मनुका, द्राक्षे, चॉकलेट किंवा कांदा घातलेले काही देणार नाही याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव, कारण हे पदार्थ कुत्र्यांना विषारी ठरतात.

'ये' हा शब्द मात्र मी सर्वांत मोलाचा मानतो, कारण उघड्या फाटकातून वाहनांकडे धावणारा कुत्रा त्याच शब्दाने वाचतो. तू बोलावलेस आणि तो आला, तर त्याच्या पदरी नेहमी चांगलेच पडले पाहिजे. अंघोळ घालायची असेल, औषध पाजायचे असेल किंवा खेळ संपवून बांधायचे असेल, तेव्हा हाक मारू नकोस. स्वतः जाऊन त्याला उचलून आण. उशिरा आला तरी रागावू नकोस. आमची कुत्री चिंगी व्हरांड्यात एका हाकेसरशी यायची, पण फुटाळा तलावाच्या काठावरची गर्दी आणि भाजलेल्या कणसांचा वास यांत तीच हाक तिच्या कानापर्यंत पोहोचत नव्हती. कुत्रा शिकलेली गोष्ट जागेसकट शिकतो. म्हणून आधी खोली, मग अंगण, मग शांत गल्ली आणि त्यानंतरच वर्दळ, असे चढत जा; प्रत्येक नव्या जागी पहिल्या धड्यापासून आरंभ कर, आणि मोकळ्या जागेत लांब दोर लावल्याशिवाय सोडू नकोस.

आता उन्हाळा तोंडावर आला आहे. आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढतो, त्यामुळे फिरणे आणि शिकवणी दोन्ही सूर्योदयापूर्वी उरकावे. तळहाताची मागची बाजू डांबरावर काही सेकंद टेकवून पाहा. तुला चटका सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.

रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचा झाल्यावर देतात, ती तारीख पशुवैद्यकांना आताच विचारून ठेव. त्याआधी एखाद्या दिवशी गर्दी नसताना त्याला कडेवरूनच दवाखान्यात ने, टेबलावर नुसते उभे कर, दोन तुकडे भरव आणि परत आण, म्हणजे सुईच्या दिवशी ती जागा त्याला परकी वाटणार नाही. तो टेबलावर कसा वागला ते मला सविस्तर कळव.

काकांना आणि वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश