‘गळती’ हा शब्द चुकीचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थंडी पडली की न्हाणीघरात गॅस गीझरमुळे कुणी दगावल्याची बातमी येते आणि मथळ्यात ‘गॅसगळती’ हटकून असते. तेवढ्यासाठीच हे पत्र.

गेल्या जानेवारीत माझ्यावरच ही पाळी आली होती. रामबागेतल्या आमच्या जुन्या घराचं न्हाणीघर पाच बाय सहा फुटांचं. गार वारा येतो म्हणून मी झरोक्यात कागदाचा बोळा कोंबला होता (तुमचीच रविवार पुरवणी). दुसरी बादली भरता भरता कपाळ ठणकू लागलं. गीझरच्या छोट्या काचेतून दिसणारी ज्योत निळीची पिवळी झाली होती. मी ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलेली बाई, तरी बघून न बघितल्यासारखं केलं. मग पायांतलं बळच गेलं. आतून कडी लावायची नाही हा सासूबाईंचा दंडक, म्हणून सुनेला मला बाहेर ओढता आलं.

मेकॅनिकनं नळीला साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा नाही. “लीकेज बिलकुल नहीं, माताजी,” म्हणून तो गेला. खरंच होतं त्याचं.

सिलिंडरच्या गॅसातल्या ब्युटेनचे २ रेणू पुरते जळायला ऑक्सिजनचे १३ रेणू लागतात. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे ८ आणि पाण्याचे १० होतात. (तो १३ मुली हमखास चुकवायच्या.) वजनात सांगायचं तर १०० ग्रॅम गॅसला साधारण ३६० ग्रॅम ऑक्सिजन. आमच्या न्हाणीघरात, उंची आठ फूट धरली तरी, हवाच जेमतेम ८ किलो आणि तीत ऑक्सिजन दोन किलोंच्या आत. १०० ग्रॅम गॅस जळेस्तोवर त्याचा पाचवा हिस्सा संपत आला. मग कार्बनच्या वाट्याला दोनाऐवजी एकच ऑक्सिजन येतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बनतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पट घट्ट चिकटतो. त्याला वासही नाही. सिलिंडरचा ओळखीचा वास मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. तो गॅसबरोबर जळून जातो.

‘गळती’ वाचून लोक नळी बदलतात, झरोका बुजलेलाच राहतो. पुढच्या वेळी ‘अपूर्ण ज्वलन’ लिहा. जड वाटलं तर ‘कोंडलेल्या हवेत गीझर’ चालेल.

आमचा गीझर आता मागच्या ओसरीत टांगलाय. गरम पाणी नळाला पोचायला वेळ लागतो, म्हणून सून कुरकुरते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, रामबाग, इंदूर